दहा तुकड्या, एकच प्रयोगशाळा: वेळापत्रक बसत नाही, मदत हवी

पाटीपेन्सिल यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. स्वतंत्र खासगी शाळा, मुलं-मुली एकत्र, दिवसाची शाळा (वसतिगृह नाही). सहावी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत ३२ विद्यार्थी. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक करायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

आठवड्याचे ५ दिवस, रोज ४० मिनिटांच्या ८ तासिका, म्हणजे तुकडीला ४० तासिका. वाटप असं: पहिली भाषा ६, दुसरी भाषा ५, गणित ७, विज्ञान ७ (त्यात प्रात्यक्षिकाचा एक जोड तास), सामाजिक शास्त्रं ६, संगणक २ (जोड), चित्रकला १, संगीत १, खेळ ३, ग्रंथालय १, वर्गशिक्षकांचा तास १. दुसऱ्या भाषेला तीन पर्याय आहेत. दोन्ही तुकड्यांतली मुलं एकत्र करून तीन गट पडतात आणि तिन्ही गट एकाच वेळी बसतात.

प्रयोगशाळेत आणि संगणक कक्षात एका वेळी १६ जणच मावतात. म्हणून तुकडीचे दोन भाग करून एक भाग प्रयोगशाळेत, दुसरा संगणकावर, आणि आठवड्यातल्या दुसऱ्या जोड तासाला अदलाबदल, असं ठरवलं होतं. सॉफ्टवेअर सारखं ‘शक्य नाही’ म्हणतंय. छोटी सुट्टी (१५ मिनिटं) तिसऱ्या तासिकेनंतर, जेवणाची (३५ मिनिटं) पाचव्यानंतर. ८:१५ ला परिपाठ आणि हजेरी मिळून २० मिनिटं, २:४५ ला शाळा सुटते. चित्रकला आणि संगीताचे शिक्षक अर्धवेळ आहेत, दोघंही मंगळवार-गुरुवारीच येतात.

आणखी तीन अडचणी. जेवणाच्या दालनात २०० जागा आणि मुलं ३२०, म्हणून दोन पंगती कराव्या लागतील. छोट्या सुट्टीनंतर मुली वर्गात उशिरा येतात, अशी सगळ्याच शिक्षकांची तक्रार आहे. आणि शाळा सुटल्यावरच्या छंदवर्गांना बसने जाणारी मुलं थांबू शकत नाहीत. कुठून सुरुवात करू? किती शिक्षक लागतील, तेही संस्थेला सांगायचं आहे.

खडूफळा यांचं उत्तर

सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय. शिक्षक नव्हे, खोली अडवते आहे. कागदावर हिशेब मांडा.

तुमच्या योजनेत प्रत्येक तुकडीला आठवड्यात दोन जोड तास प्रयोगशाळा लागते, एकदा पहिल्या भागासाठी, एकदा दुसऱ्या. दहा तुकड्यांचे २० जोड तास. आता दिवसात जोड तासाला जागा किती? सुट्ट्यांमुळे दिवसाचे ३-२-३ असे तुकडे पडतात. तीन तासिकांच्या तुकड्यात एकच जोड तास बसतो, उरलेली तासिका सुटी राहते, कारण सुट्टी ओलांडून प्रात्यक्षिक घेता येत नाही. म्हणजे दिवसाला ३, आठवड्याला १५. वीस जोड तास पंधरा जागांत मावणार नाहीत, कितीही वेळा संगणकाचं बटण दाबलं तरी. संगणक कक्षाचंही अगदी हेच गणित.

छोटी सुट्टी दुसऱ्या तासिकेनंतर आणि जेवण चौथ्यानंतर घेतलं तर २-२-४ होतं, दिवसाला ४ जोड तास, आठवड्याला बरोबर २०. पण शंभर टक्के भरलेली प्रयोगशाळा चालत नाही. मांडामांड, काचसामान धुणं, रसायनं मोजून ठेवणं याला मदतनिसाला मोकळी तासिका लागतेच. ती नसली की पहिली दहा मिनिटं प्रत्येक वर्गाची वाया जातात. कुठल्याही खास खोलीचा वापर तीन चतुर्थांशाच्या वर नेऊ नका.

उपाय सोपा आहे. तुकडीला आठवड्यात एकच जोड तास द्या. या आठवड्यात पहिला भाग प्रयोगशाळेत आणि दुसरा संगणकावर, पुढच्या आठवड्यात उलट. प्रत्येक विद्यार्थ्याला पंधरवड्यात एक पूर्ण जोड तास प्रात्यक्षिक मिळतं, तेही १६ च्या गटात, दोघादोघांनी एका टेबलावर. प्रयोगशाळेचे १० जोड तास, जागा १५. शिवाय तुकडीच्या आठवड्यात दोन तासिका मोकळ्या होतात. एक विज्ञानाच्या वर्गातल्या शिकवण्याला द्या. दुसरीचं काय करायचं ते पुढे कुणी छंदवर्गांबद्दल लिहील, नाहीतर मी लिहीन.

भाग पाडताना एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला मुली असं करू नका. सोयीचं वाटतं म्हणून पुष्कळ ठिकाणी होतं. पण तुकडीत १९ मुलगे आणि १३ मुली असल्या की एका गटात टेबलाशी तिघं दाटीवाटीने उभे आणि दुसऱ्यात टेबलं रिकामी. १६ ची मर्यादाही तिथेच मोडते. हजेरीक्रमांकाने सम-विषम असे भाग पाडा, वर्षभर वाद होत नाहीत.

आता शिक्षकसंख्या. दहा तुकड्यांच्या ४०० तासिका. दुसऱ्या भाषेला दोन तुकड्यांमागे तीन शिक्षक लागतात, म्हणजे प्रत्येक इयत्तेत ५ तासिका जादा, पाच इयत्तांच्या २५. प्रात्यक्षिकाच्या जोड तासाला एका तुकडीमागे दोन शिक्षक, म्हणजे तुकडीला २ जादा, दहा तुकड्यांच्या २०. एकूण ४४५. आठवड्याला २८ तासिकांचा भार धरला तर भागाकार १६ च्या जरा खाली येतो आणि संस्था १६ वरच बोट ठेवते. तो आकडा फसवा आहे, कारण गणिताचा शिक्षक संगीत शिकवू शकत नाही. विषयवार मोजा:

पहिली भाषा ६०, वर ग्रंथालय आणि वर्गशिक्षकांचे काही तास: ३ शिक्षक. दुसरी भाषा प्रत्येक पर्यायाच्या २५: ३ शिक्षक. गणित ७०: ३. विज्ञान वर्गातल्या ६० आणि प्रयोगशाळेतल्या २० मिळून ८०: ३. सामाजिक शास्त्रं ६०: ३. संगणक २०: १. खेळ ३०: २. हे १८ पूर्णवेळ, आणि चित्रकला-संगीताचे १०-१० तासिकांचे २ अर्धवेळ. संस्थेला हा विषयवार तक्ता दाखवा, एकच बेरीज दाखवू नका.

तासिकाचाळीस यांचं उत्तर

खडूफळा यांनी क्षमता मांडली आहेच, मी भरायचा क्रम सांगते.

ज्याला सगळ्यात कमी जागा, ते आधी. म्हणजे पहिले अर्धवेळ शिक्षक, मग दुसऱ्या भाषेचे एकत्र तास, मग प्रात्यक्षिकांचे जोड तास, मग खेळ, त्यानंतर गणित आणि शेवटी वर्गातच होणारे एकेका शिक्षकाचे विषय. उलट क्रमाने भरलं की पहिले तीन दिवस सुरेख बसतात आणि चौथ्या दिवशी संगीताच्या बाईंना जागाच उरत नाही.

यामागे पक्कं गणित आहे. फक्त तुकडी आणि शिक्षक एवढंच बघायचं असेल आणि कुणाच्याही वाट्याला ४० पेक्षा जास्त तासिका नसतील, तर टक्कर नसलेलं वेळापत्रक नक्की मिळतं. देनेश कोनिग या हंगेरियन गणितज्ञाच्या १९१६ सालच्या प्रमेयातून ते निघतं. पण ‘हे शिक्षक अमुक दिवशीच येतात’ अशा अटी आल्या की सगळं पालटतं. शिमोन इव्हन, अलोन इताई आणि आदी शामीर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की मग हा प्रश्न एनपी-पूर्ण होतो, म्हणजे मोठ्या शाळेसाठी हमखास लवकर उत्तर देणारी पद्धत कुणाला ठाऊक नाही. म्हणून सॉफ्टवेअरवर रागावू नका, त्याच्या अटी कमी करा. मुख्याध्यापकांकडून येणारी प्रत्येक इच्छा शंभर टक्क्यांची अट म्हणून घातली तर काहीच बसत नाही. एफईटी नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, त्यात पुष्कळशा अटींना टक्क्यांमध्ये वजन देता येतं. टक्कर, खोलीची क्षमता, अर्धवेळ दिवस यांना १००. ‘गणित रोज वेगळ्या वेळी’ यासारख्यांना कमी.

‘सगळं गणित जेवणाआधी’ ही मागणी हमखास येते. मोजून दाखवा: जेवणाआधी चार-पाच तासिका, आठवड्याला जास्तीत जास्त २५, तीन शिक्षकांच्या ७५. लागतात ७०. म्हणजे गणिताचे तिघंही शिक्षक रोज सकाळी जवळपास सलग शिकवतील आणि दुपारी रिकामे बसतील, बाकीचे विषय मात्र दुपारी कोंबले जातील. सातपैकी ४ तासिका जेवणाआधी एवढी अट घाला, ती आरामात बसते. सात तासिका पाच दिवसांत घालायच्या म्हणजे निदान दोन दिवस गणित दोनदा येणार. ते दोन तास सलग नको असतील तर मध्ये निदान एक तासिका जाईल अशी अट हवी.

आता एक जागा जिथे आठवड्याचा हिशेब बरोबर येतो आणि दिवसाचा चुकतो. दुसऱ्या भाषेचे तीन गट, वर्गखोल्या दोन. तिसरा गट बहुतेक ठिकाणी चित्रकलेच्या खोलीत पाठवतात. आठवड्याचं बघितलं तर भाषेच्या २५ आणि चित्रकलेच्या १०, एकूण ३५, चाळीसमध्ये बसतं. पण तुमचे चित्रकलेचे सर फक्त दोन दिवस येतात, म्हणजे त्या दिवशी चित्रकलेच्या ५ तासिका. भाषेच्याही रोज ५ (प्रत्येक इयत्तेची एक). पाच आणि पाच दहा, दिवसात तासिका आठ. मंगळवार आणि गुरुवार अडकणारच. यातून वाट अशी: एखादी तुकडी चित्रकलेला गेली की तिची स्वतःची वर्गखोली रिकामी असते. जिथे टक्कर होते तिथे तिसऱ्या गटाला त्याच खोलीत बसवा आणि खोलीचं नाव वेळापत्रकात छापा. तोंडी सांगितलेलं मुलं दुसऱ्या आठवड्यात विसरतात.

बदली तासांचंही आत्ताच बघा. १८ पूर्णवेळ शिक्षकांपैकी कुठल्याही तासिकेला सरासरी साताहून थोडे जास्त मोकळे असतात, पण सरासरीवर जाऊ नका. प्रत्येक तासिकेला निदान तिघं मोकळे आहेत ना, हे चाळीसही खान्यांत तपासा. पहिल्या तासिकेला जास्त हवेत, कारण आयत्या वेळची रजा सकाळीच कळते. एका शिक्षकाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त बदली तास नकोत, ही मर्यादा लेखी ठेवा. दुसऱ्या भाषेचे शिक्षक रजेवर असले तर तो गट दुसऱ्या पर्यायात घुसवू नका, ग्रंथालयात त्यांच्याच भाषेचं वाचन द्या.

मधलीसुट्टी यांचं उत्तर

पंगती, सुट्टी, खेळ आणि छंदवर्ग यांच्यावर लिहिते. यातलं बरंचसं मुलं-मुली एकत्र असण्याशी आणि दिवसाच्या शाळेशी थेट जोडलेलं आहे, आणि वेळापत्रक करणाऱ्याच्या डोळ्यांतून नेमकं हेच सुटतं.

आधी घड्याळ. तुमच्या २:४५ मध्ये वर्ग बदलायला शून्य मिनिटं धरली आहेत. प्रयोगशाळेतून, मैदानावरून मुलं येतात, शिक्षक मजला बदलतात, त्याला ३ मिनिटं लागतातच. ती छापली नाहीत तर शिकवण्यातून जातात. सुट्ट्या वगळून दिवसात ५ बदल होतात, म्हणजे १५ मिनिटं. शाळा ३:०० ला सुटेल असं धरा.

पंगती: सहावी-सातवीची १२८ मुलं एका पंगतीत, आठवी ते दहावीची १९२ दुसरीत. दोनशे जागांत दोन्ही बसतात. लहानांचं जेवण चौथ्या तासिकेनंतर, मोठ्यांचं पाचव्यानंतर. इथे एक बारीक गोष्ट. लहान जेवतात तेव्हा मोठ्यांची पाचवी तासिका चालू, आणि मोठे जेवतात तेव्हा लहानांची पाचवी. दोन्हीकडे शिकवणारा शिक्षक उपाशी राहील. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींना ‘पाचवी’ हेच एक नाव द्या, वेळा वेगळ्या असल्या तरी. मग एका शिक्षकाला त्यातली एकच मिळते आणि दुसऱ्या वेळी तो जेवतो. मात्र जेवणाची सुट्टी ३५ ऐवजी ४० मिनिटांची करा, तासिकेएवढीच. नाहीतर लहानांची पाचवी सुरू होते तेव्हा मोठ्यांची संपलेली नसते, आणि दोन्हींच्या वेळा पाच मिनिटं एकमेकांवर येतात. ही पाच धरून शाळा ३:०५ ला सुटेल.

छोटी सुट्टी दुसऱ्या तासिकेनंतर आणा. मग लहानांचा दिवस २-२-४ आणि मोठ्यांचा २-३-३ असा पडतो. प्रात्यक्षिकांना १-२, ३-४ आणि ७-८ या जागा दोघांनाही सारख्या मिळतात, रोजच्या ३. खडूफळा यांच्या दहा जोड तासांना पुरेशा आहेत.

मुलींच्या उशिराबद्दल. कृपा करून त्यांना शिस्तीचं व्याख्यान देऊ नका, आधी शौचालयं मोजा. शाळेत साधारण १६० मुली धरा. छोट्या सुट्टीत त्यातल्या निम्म्या, ८० जणी जातात. एकीला दीड मिनिट धरलं तर १२० मिनिटं. पंधरा मिनिटांत आटपायचं तर ८ शौचालयं हवीत. सहा असतील तर शेवटची मुलगी विसाव्या मिनिटाला बाहेर येते. मुलग्यांकडे मुताऱ्या असल्याने रांग लवकर सरते, म्हणून अडचण एकाच बाजूला दिसते. वाढीव शौचालयं होईपर्यंत दोन इयत्तांची सुट्टी ५ मिनिटं आधी सुरू करा आणि इतरांची ५ मिनिटं उशिरा संपवा, किंवा सरळ सुट्टी २० मिनिटांची करा. आणि तासिकेच्या मध्ये शौचालयाला जायला कुणालाच बंदी नको. मुली पाणी पिणं टाळतात, हे त्या बंदीमुळेही होतं.

खेळ: तीन सुट्या तासिका ठेवलात तर कपडे बदलण्यात प्रत्येक वेळी आधी ६ आणि नंतर ६ मिनिटं जातात, मैदानावर २८ मिनिटं उरतात. एक जोड तास आणि एक सुटी तासिका करा. ती सुटी तासिका दिवसाची पहिली किंवा शेवटची ठेवली तर मुलं त्या दिवशी खेळाच्याच कपड्यांत येतात किंवा जातात, एक बदल वाचतो. एका इयत्तेच्या दोन्ही तुकड्या एकत्र मैदानावर घ्या, दोन शिक्षक. कपडे बदलायच्या दोन खोल्यांत सुमारे ३२-३२ जण जातील, आधी त्या खोल्या मोजून घ्या. गट मात्र कौशल्याने पाडा: एका शिक्षकाकडे चेंडू नवखेपणाने हाताळणारे, दुसऱ्याकडे सरावलेले. मुलग्यांना मैदान आणि मुलींना कोपरा अशी वाटणी झाली की मुली हळूहळू खेळ सोडू लागतात.

छंदवर्ग: बसवर अवलंबून असलेली मुलं सुटल्यावरच्या उपक्रमांना कधीच येणार नाहीत, त्यामुळे निदान एक उपक्रम शाळेच्या वेळात हवाच. खडूफळा यांनी जी दुसरी मोकळी तासिका काढली, ती सगळ्या दहा तुकड्यांना एकाच वेळी द्या, गुरुवारची आठवी तासिका. त्या दिवशी अर्धवेळ शिक्षकही असतात, म्हणजे २० शिक्षक, ३२० मुलं, १६ जणांचा एक गट. इयत्ता मिसळून गट करा. फक्त लक्षात असू द्या, त्या तासिकेला बदलीसाठी कुणीही मोकळं नसेल. रजा आली तर दोन गट एकत्र करायचे, कोणते ते आधीच जोड्या लावून ठेवा. बुद्धिबळाचा गट कुणाबरोबरही जातो, नाटकाचा नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार, जोड तासांचा हिशेब बघून डोळे उघडले. एक शंका. एका आठवड्याआड अदलाबदल म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ आठवडा. सुट्ट्या, सहली, परीक्षा आल्या की एकाच भागाचं प्रात्यक्षिक पुन्हा पुन्हा बुडणार नाही का? आणि तासिका शाळेने स्वतःच ठरवल्या तर चालतं ना?

खडूफळा

दुसरं आधी. स्वतंत्र शाळेला तासिकेची लांबी आणि सुट्ट्या ठरवायची सहसा मोकळीक असते, पण ज्या मंडळाची परीक्षा मुलं देतात त्याने विषयाला किमान तास किंवा प्रात्यक्षिकांची संख्या ठरवलेली असू शकते. ती नियमावली समोर ठेवूनच तुमचा तक्ता पक्का करा. वर्षाचे कामाचे आठवडे धरताना परीक्षा आणि कार्यक्रमांचे आठवडे वजा करा.

‘अ’ आणि ‘ब’ आठवड्यांची तुम्हाला गरजच नाही. ते तेव्हा लागतात जेव्हा एका तुकडीची अदलाबदल दुसऱ्या तुकडीवर अवलंबून असते. इथे दोन्ही भाग एकाच तुकडीचे, एकाच जोड तासाला, त्याच दोन खोल्यांत. कोण कुठे जायचं हे ती तुकडी स्वतःपुरतं ठरवू शकते. मंगळवार बुडाला तर फक्त मंगळवारच्या तुकड्यांची पाळी पुढे सरकते, बाकीच्यांना धक्का नाही.

प्रयोगशाळेच्या दाराशी एक वही टांगा. तुकडीला एक पान, तीन रकाने: तारीख, कोणता भाग आत आला, कोणतं प्रात्यक्षिक झालं. पुढच्या वेळी शेवटची ओळ बघायची आणि दुसरा भाग आत घ्यायचा. तशीच वही संगणक कक्षात नको. दोन वह्या झाल्या की दोन पाळ्या लिहिल्या जातात आणि कधीतरी बत्तीसच्या बत्तीस जण प्रयोगशाळेच्या दारात उभे राहतात. सत्र संपायच्या तीन आठवडे आधी विज्ञानाच्या शिक्षकांनी दोन्ही भागांच्या ओळी मोजायच्या. एकापेक्षा जास्त फरक असेल तर मागे पडलेल्या भागाला लागोपाठ दोनदा प्रयोगशाळा द्यायची, आणि तसं संगणकाच्या शिक्षकांना आदल्या दिवशी सांगायचं, कारण त्यांच्याकडे मग तोच भाग दुसऱ्यांदा येतो आणि त्यांना वेगळा पाठ तयार ठेवावा लागतो.